एकसारखा लाल टोमॅटो आणि सुईने टोचलेला रंग

फळांत रंगाची भेसळ असते, असा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: देठापासून टोकापर्यंत एकसारखा लाल टोमॅटो आणि आतून लालबुंद कलिंगड म्हणजे सुईने रंग टोचलेला. खरं फळ उन्हानेच रंगतं. हिरवं ते कच्चं. कापसाला लाल डाग लागला की भेसळ पक्की.

आधी सुई. गर म्हणजे रिकामा डबा नव्हे, त्यात पेशी ठासून भरलेल्या असतात. टोचलेला रंग भोकाभोवती साचेल, फटींतून वेडावाकडा पसरेल. पेशीपेशीत समान बसणार नाही. शिवाय भोक पडलेलं फळ लवकर नासतं.

टोमॅटोचा लाल रंग आतच तयार होतो. पिकताना फळातला इथिलीन हा पिकवणारा वायू वाढतो, नियंत्रक जनुकं चालू होतात, हरितद्रव्य मोडतं आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साचू लागतं. त्या साखळीतलं ‘पीएसवाय १’ जनुक बिघडलं, तर टोमॅटो पिवळाच पिकतो. हरितद्रव्य मोडण्याचं काम अडलं, तर लाल आणि हिरवा एकत्र राहून फळ तपकिरी दिसतं. यात कुणी रंगाची बाटली उघडलेली नसते.

आता ‘एकसारखा’ या आक्षेपाकडे, कारण इथे मेसेजवाल्यांचं म्हणणं अर्धवट बरोबर आहे. जुन्या वाणांत कच्च्या टोमॅटोचा देठाजवळचा भाग गडद हिरवा असतो. तिथे ‘जीएलके २’ हे जनुक हरितलवकं, म्हणजे पेशीतले अन्न बनवणारे हिरवे कण, वाढवतं. हे जनुक बिघडलेली झाडं सगळीकडून सारखी फिकट हिरवी फळं देतात. ती एकसारखी पिकतात, तोडणीची वेळ नीट कळते, म्हणून पैदासकारांनी सुमारे 70 वर्षं तीच निवडली. हरितलवकं कमी म्हणजे फळात साखरही कमी. यामागचं जनुकीय कारण 2012 साली उलगडलं. तेव्हा ‘दिसायला देखणा, चवीला पाणचट’ ही तक्रार खोटी नाही. पण दोष निवडीचा आहे, सुईचा नाही.

ऊन? पूर्ण वाढलेला हिरवा टोमॅटो अंधाऱ्या खोक्यातही लाल होतो. उलट तापमान 30 अंशांच्या बरंच वर गेलं, तर लायकोपीन नीट बनत नाही आणि फळ नारिंगी राहतं. सफरचंदाचं वेगळं: त्याच्या सालीतल्या अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याची जनुकं उजेडावर चालतात, त्यामुळे फळाला चिकटलेल्या पानाखाली फिका ठसा उमटतो. ब्लड ऑरेंजला, म्हणजे अँथोसायनिनमुळे लाल गर असलेल्या संत्र्याला, तर थंडी लागते. त्याच्या ‘रुबी’ जनुकाशेजारी डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसलाय आणि थंडी पडली की ते जनुक जोरात चालू होतं.

हिरवं ते कच्चं, हेही नाही. रात्री गार नसतील तिथे संत्र्याची साल हिरवी राहते, आतला गर पिकलेला असतो.

राहिला कापूस. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ब्लड ऑरेंजचा रस कापूस रंगवणारच. कलिंगडातलं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, पण रसाबरोबर त्याचे कण येतात, म्हणून कलिंगडाचाही फिकट डाग पडतो. रंगाची भेसळ होतच नाही असं नाही. पण नुसत्या डागावरून ती ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत रंगद्रव्यं वेगळी करून बघावी लागतात.