तीन हजार पोरं आणायची कुठून?

विद्यापीठांवर पुण्या-मुंबईत जी चर्चा चालते, ती मी आवर्जून वाचतो. कुलगुरू कोणी नेमायचा, राज्यपालांचा शब्द किती चालावा, उद्योगातला माणूस कुलगुरू झाला तर चालेल का. २०२५ च्या जानेवारीत कुलगुरूंच्या नेमणुकीच्या नियमांचा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) मसुदा आला तेव्हा तर सगळीकडे हेच होतं. विषय महत्त्वाचा आहे, नाही कोण म्हणतो? पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-घाटंजी-झरीकडच्या पोरांना कुलगुरूंचं नाव कळतं ते पदवीच्या कागदावरच्या सहीवरून. आमचा जीव अडकलाय तो २०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या वेगळ्याच कलमांत, आणि त्यांच्यावर कोणी फारसं बोलत नाही.

धोरण म्हणतं, विखुरलेल्या लहान संस्था नकोत. मोठी, बहुविद्याशाखीय, म्हणजे अनेक शाखा एकत्र असलेली विद्यापीठं, कॉलेजं आणि कॉलेजांचे समूह उभे करा, जिथे तीन हजार किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील. २०३० पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्याजवळ अशी निदान एक संस्था हवी. आणि विद्यापीठाला कॉलेज संलग्न असण्याची जुनी पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायची. कॉलेजनं एकतर स्वतः पदवी देण्याइतकं मोठं व्हायचं, नाहीतर विद्यापीठात सामील व्हायचं.

आता आमचं कॉलेज बघा. नुसती कला शाखा. बाजूला तुरीचं वावर, समोर एसटीचा थांबा. मी इथे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, अर्थशास्त्र शिकवतो. गावोगावच्या बारावी पास पोरांना घरून उचलून आणलं तरी तीन हजार होणार नाहीत. म्हणजे कधी ना कधी कोणीतरी टेबलावर नकाशा पसरून म्हणणार, हे कॉलेज यवतमाळला जोडून टाका.

जोडलं तर पोरं जातील. पोरी जाणार नाहीत. माझ्या वर्गात पोरीच जास्त असतात, कारण पोरगा निदान पुण्याला कंपनीत तरी निघून जातो. एका पोरीचे वडील प्रवेशाच्या वेळी म्हणाले होते, "सर, पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पण यवतमाळले ठेवाले पैसे कुठून आणू? इथं हाये तवर शिकू द्या." त्या "तवर"मध्ये सगळं आलं. सकाळच्या गाडीनं येते, दुपारच्या गाडीनं घरी, संध्याकाळी आईसोबत वावरात. कॉलेज चाळीस-पन्नास किलोमीटर लांब सरकलं की दुपारची गाडी नाही, आणि घरच्यांची परवानगीही नाही.

गाडीवरून आठवलं. बारावीपर्यंत पोरीला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. बारावी झाली की ते संपलं, सवलतीचा पास विकत काढा. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगला निर्णय, मनापासून सांगतो. पण त्याचा फायदा इंजिनिअरिंगला, फार्मसीला पोचलेल्या पोरीला. जी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येताना पासाचे पैसे मोजते, तिच्यासाठी तेवढा मोठा फलक कुठे लागला नाही.

लहान कॉलेजात दर्जा नसतो, असं म्हणतात. मान्य. पण का नसतो? नव्या धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोड विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), सगळी निवड पोरांसमोर ठेवली आहे. निवडायला समोर माणूस तर पाहिजे! प्राध्यापक निवृत्त होतो, जागा तशीच राहते, तिच्यावर माझ्यासारखा कोणीतरी तासावर येतो. दिवाळीत तास नाही, परीक्षेत तास नाही, म्हणजे पैसेही नाहीत; आणि जे झाले त्यांचे पैसे कधी येतील ते बिल बनवणाऱ्या बाबूलाही सांगता येत नाही. २०२१ मध्ये सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या २०८८ जागा भरायला मंजुरी दिली होती. अख्ख्या राज्यात २०८८. आमच्या इतिहास विभागाची खुर्ची त्यानंतरही रिकामीच आहे. मग पोरं "निवड" कशी करतात? जो विषय शिकवायला माणूस आहे, तो विषय आवडला असं लिहून देतात.

ऑन जॉब ट्रेनिंगचंही, म्हणजे कामाच्या जागी जाऊन शिकण्याचंही, तसंच. क्रेडिट आहेत, तास ठरलेले आहेत, पण तालुक्यात जॉब कुठला? बरीच पोरं कुठून तरी शिक्का मारून आणतात आणि आम्हीही डोळे मिटून घेतो. पण एक पोरगी खरंच कृषी केंद्रात बसली. खताच्या बॅगांचा साठा रजिस्टरशी जुळवायचा, उधारीची वही उतरवायची. परत आली आणि वर्गात उभी राहून सांगायला लागली, की तोच युरिया रोखीनं घेणाऱ्याला काय पडतो आणि कापूस विकल्यावर पैसे देणाऱ्याला काय पडतो. व्याजाचा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी मागच्या बाकावरचे पोट्टेही ऐकत होते. सगळ्यांच्याच बापाची वही होती ना ती!

काही कॉलेजं फक्त कागदावर आहेत, हेही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. पोरं प्रवेशाला आणि परीक्षेलाच दिसतात, मधल्या काळात इमारतीला कुलूप. ती बंद करा, आमची हरकत नाही. पण बंद करताना हजेरी बघा, नुसता आकडा बघू नका. आणि हजेरी बघायला कापूस वेचणीच्या दिवसांत येऊ नका, राजेहो. तेव्हा आमचाही वर्ग अर्धा रिकामा असतो. नेमके तेव्हाच सेमिस्टरच्या परीक्षेचे फॉर्म निघतात, हा प्रकार विद्यापीठानं कधीतरी शेतकऱ्याला विचारून बदलावा.

यात गंमत अशी, की याच राज्यानं २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूर विद्यापीठातून काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ दिलं. कारण एकच, नागपूर लांब पडतं. सिरोंच्याच्या पोराला तर गडचिरोलीसुद्धा दोनशे किलोमीटर आहे. विद्यापीठ माणसाजवळ न्यायचं, हे तेव्हा पटलं होतं. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी वऱ्हाडात ठिकठिकाणी शाळा-कॉलेजं काढली, तीही याच हिशेबानं. आता त्याच हिशेबाला "विखुरलेपण" म्हणतात.

समूह करायचाच असेल तर करा, पण प्राध्यापक फिरवा, पोरी फिरवू नका. तीन-चार तालुक्यांना मिळून इतिहासाचा, भूगोलाचा, संख्याशास्त्राचा पूर्ण पगाराचा माणूस द्या. तो सोमवारी घाटंजीला, बुधवारी पांढरकवड्याला. त्याला टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) देणं शंभर पोरींच्या हॉस्टेलपेक्षा स्वस्तच पडेल. आणि फुकट पास बारावीवर न थांबवता पदवीपर्यंत चालू ठेवा.

विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत पदवीधरांची मतं मागत लोक फिरतात. आपल्याकडे मतदार म्हणून नाव नोंदवणारेच कमी, म्हणून ते आपल्या तालुक्यात फिरकतही नाहीत. पुढच्या वेळी नाव नोंदवा. कोणी आलाच, तर चहा पाजा आणि आपल्या कॉलेजात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे त्याच्याकडून लेखी मागा.