‘रक्त दिसलं की केस उगवतात’ म्हणे!

डोक्यावर सुयांचा रोलर फिरवून केस उगवायचा हा फॉरवर्ड आधी नणंदेने पाठवला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला. दोन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. पण परवा भाचा आला तो घरातही टोपी काढेना. काढायला लावली, तर कपाळाच्या वर लालभडक ठिपक्यांचा पट्टा आणि त्यात दोन ठिकाणी पू. ‘मावशी, त्यात लिहिलंय की सुरुवातीला असं होतंच.’ म्हणून हे लिहिणं आलं.

फॉरवर्ड थोडक्यात असा: दीड मिलिमीटर सुयांचा डर्मारोलर, म्हणजे बारीक सुया बसवलेला छोटा रूळ, घ्या. रोज रात्री रक्ताचे थेंब दिसेपर्यंत डोक्यावर फिरवा. भोकं उघडी आहेत तोवर लगेच मिनॉक्सिडिल (टकलावर लावायचं औषध) किंवा कांद्याचा रस चोळा. रोलर गरम पाण्यातून काढला की घरातल्या सगळ्यांना चालतो. तीन महिन्यांत टकलावर केस. संशोधनाने सिद्ध झालंय, पण धंदा बुडेल म्हणून डॉक्टर सांगत नाहीत.

‘संशोधनाने सिद्ध’पासूनच सुरू करू, कारण संशोधन खरंच आहे. 2013 साली डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी ते ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’त छापलं. आनुवंशिक टक्कल पडू लागलेले शंभर पुरुष घेतले, दोन गट केले. एका गटाने 5 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा लावलं. दुसऱ्याने तेच लावलं आणि शिवाय त्यांच्या डोक्यावर दीड मिलिमीटरचा रोलर फिरवला गेला. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले, तर रोलरवाल्या गटात सरासरी 91 केस वाढलेले आणि नुसत्या मिनॉक्सिडिलच्या गटात 22. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. सुई टोचल्यावर जखम भरून काढायला शरीर वाढीचे घटक त्या जागी सोडतं आणि त्याने केसांची मुळं जागी होतात, असं त्यामागचं गणित. तेव्हा हा प्रकार निव्वळ थोतांड आहे असं मीही म्हणणार नाही.

पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्या लेखातून उचललं काय, तर ‘दीड मिलिमीटर’ एवढंच. रोलर रोज नव्हे, आठवड्यातून एकदा फिरवला होता. रक्त येईपर्यंत तर नाहीच. त्वचा जराशी लाल झाली की थांबायचं, असं ठरलेलं होतं. आणि रोलर फिरवल्यावर मिनॉक्सिडिल लगेच लावायचं नाही, 24 तासांनी पुन्हा सुरू करायचं, असं रुग्णांना सांगितलेलं होतं. म्हणजे ज्या संशोधनाच्या जिवावर हा माणूस उड्या मारतोय, त्याने नेमकं उलट केलंय. लेख इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. दहा मिनिटं लागतात.

‘रोज’ आणि ‘रक्त’ या दोन गोष्टींवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. फायदा होतो तो जखम भरताना. रोज रात्री पुन्हा टोचलं तर भरायला वेळच कुठे मिळणार? सतत सुजलेली, खपल्या धरलेली त्वचा केस वाढवत नाही, उलट असलेले केस गळायला लागतात, आणि खोल व्रण राहिले तर तिथलं मूळ कायमचं जाऊ शकतं. टोमॅटोचं रोप रुजलं का हे बघायला रोज उपटून पाहावं, तशातली गत.

‘लगेच चोळा’ हा सल्ला त्याहून घातक. भोकं उघडी असतात तोवर सगळं आत जातं, हे खरंच आहे आणि भीती त्याचीच आहे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाब कमी करायचं औषध. धड त्वचेतून ते रक्तात फारसं उतरत नाही; टोचलेल्या त्वचेतून जास्त उतरलं तर छातीत धडधड, चक्कर, अंगावर सूज असे प्रकार होऊ शकतात. बाटलीतलं अल्कोहोल त्या जखमांवर झोंबतं ते वेगळंच. कांद्याच्या रसावर 2002 साली एक छोटा अभ्यास झालाय, पण तो चाई पडलेल्यांवर, आणि रस न टोचलेल्या त्वचेवर लावलेला. स्वयंपाकघरातला कुठलाच रस निर्जंतुक नसतो. आणि नुसतं ‘नैसर्गिक’ किंवा ‘चांगल्या ब्रँडचं’ असूनही भागत नाही: 2014 मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’ या त्वचारोगांच्या नियतकालिकात तीन बायकांची हकीकत आली होती. मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे अशाच बारीक सुया टोचण्याच्या, वेळी लावलेल्या सीरमची त्वचेच्या आत अ‍ॅलर्जी होऊन त्यांच्या चेहऱ्यावर गाठी आल्या. वरून लावायला ठीक असलेली वस्तू आत गेली की शरीराला परकीच वाटते.

आता तो ‘घरातल्या सगळ्यांना चालतो’वाला रोलर. भाच्याचा मी दिव्याखाली धरून पाहिला. सुयांच्या मुळाशी केस गुंडाळलेले, मध्ये वाळलेली तपकिरी पापुद्री, आणि कडेच्या तीन-चार सुयांची टोकं हुकासारखी वळलेली. अशी सुई टोचत नाही, फाडते. गरम पाण्याने यातलं काहीही जात नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका बिनपरवाना स्पामध्ये सुयांचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली; तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2024 मध्ये त्याचा अहवाल काढला. ते चेहऱ्याचं होतं आणि त्यात रक्तही टोचलं जात होतं, हे मान्य. पण एकाचं रक्त लागलेली सुई दुसऱ्याला, हा धोका डोकं आणि चेहरा असा भेद करत नाही. नवरा-बायकोतसुद्धा रोलर वेगळाच हवा.

बाकीचे मुद्दे फार वेळ घालवण्यासारखे नाहीत. गुळगुळीत झालेल्या टकलावर मुळंच उरलेली नसतील तर सुई जागं कुणाला करणार? त्या अभ्यासातले पुरुष सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातले होते, बाई एकही नव्हती. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत आपले आपण परत येतात, त्याचं श्रेय रोलरला फुकट मिळतं. आणि डॉक्टर लपवतात म्हणे! अहो, अभ्यास केला तोच त्वचारोगतज्ज्ञांनी.

करायचंच असेल तर आधी केस कशाने गळतायत ते डॉक्टरांकडून कळू द्या. डोक्यात फोड, बुरशी, सोरायसिस किंवा इसब असेल, जखमेवर जाड वण उठायची सवय असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर रोलर हातात घेऊ नका. दीड मिलिमीटरचं काम दवाखान्यातच करून घ्या. घरी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, हलक्या हाताने, धुतलेल्या कोरड्या डोक्यावर, केसांचे भांग पाडून. दिशा बदलताना रोलर उचलायचा, जागेवर वळवायचा नाही. रोलर आधी आणि नंतर 70 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये बुडवायचा, सुई वाकली की फेकायचा. त्या दिवशी तेल, रंग, औषध काहीही लावायचं नाही. दुसऱ्या दिवशीही लाली वाढतच असेल, पू दिसला, मानेत गाठ आली किंवा ताप चढला, तर ‘सुरुवातीला होतंच’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.