नाही म्हणायचंय तर रात्रीच म्हणा ना!

विमान उडवायला शिकतेय मी. पहाटे सहाला एअरफील्डवर हजर. आठ वाजले, "बघू." दहा वाजले, "थांब जरा, बघू." या 'बघू'त माझे जेवढे तास गेलेत ना, तेवढे लॉगबुकात, उड्डाणाच्या तासांच्या वहीत, असते तर लायसन्स कधीच हातात आलं असतं!

आजचंच घ्या. सकाळी धुकं. धुक्याला माझी हरकत नाही हो. पण काल रात्रीच्या मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) यांत जेमतेम एका अंशाचं अंतर, आकाश निरभ्र, वारा पडलेला. धुकं पडणार हे मला, शिकाऊ पोरीला, अंथरुणात पडल्या पडल्या कळत होतं. रोस्टर, म्हणजे कोणी कधी उडायचं ते, लावणाऱ्यांना कळत नव्हतं?

धुकं उठेपर्यंत विमान दुसऱ्याच्या वाट्याला गेलं. ते साडेअकराला परत आलं. पुन्हा टाक्यांखालून इंधन काढून बघा, निळं आहे (म्हणजे योग्य), पाणी नाही, कचरा नाही. चेकलिस्ट, टॅक्सी (विमान जमिनीवर चालवत नेणं), रन-अप (उडण्याआधीची इंजिनची चाचणी). डावा मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, ठीक. उजव्यावर टाकलं आणि इंजिन खोकायलाच लागलं, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) 200 ने खाली. आमच्या विमानाला 125 च्या वर घट चालत नाही. फिरा परत! प्लगवर शिसं बसलेलं. तो साफ होईस्तोवर वारा उठला: धावपट्टी 27 (म्हणजे 270 अंशांच्या दिशेची), वारा 200 अंशांवरून, 16 नॉट्स. म्हणजे जवळजवळ 15 नॉट्स आडवा, आणि सोलोसाठी, म्हणजे एकटीनं उडायला, माझी मर्यादा 8. संपलं. दिवसाची कमाई शून्य. विमान हवेत गेलंच नाही, तर लिहू काय?

तेवढ्यात मैत्रिणीचे फोटो आले. सगळ्याजणी दिवसभराच्या सहलीला गेल्यात, मोठी गुलाबबाग बघायला. मी सलग तिसऱ्यांदा "फ्लाइंग आहे गं" म्हणून टाळलेली सहल. पहिलाच फोटो पाकळीवरच्या दवबिंदूंचा. दवबिंदू! शब्द तोच. तिच्याकडे तो गुलाबावर बसलाय, माझ्याकडे मेटारमध्ये बसून सकाळ गिळतोय.

बरं, सुट्टी घेऊन बागेत गेलेच, तर त्या दिवशी हटकून ढगाचा ठिपका नसतो. डोक्यावर कोणीतरी आरामात धावपट्टीभोवती सर्किट मारत असतं आणि मी फुलं सोडून झाडांचे शेंडे बघत वाऱ्याचा अंदाज घेत बसते. बागेचीही मजा घालवलीत माझ्या!

हवा खराब म्हणून उड्डाण रद्द करा, हजारदा करा. बिघडलेल्या मॅग्नेटोवर मला कुठे उडायचंय? पण जे रात्री नऊला दिसतंय ते रात्री नऊलाच सांगा की. "धुकं पडणार, दहाला ये." पाच सेकंदांचा मेसेज. तेवढ्यानं माझी झोप झाली असती, किंवा सरळ सुट्टी टाकून मैत्रिणींबरोबर तरी गेले असते.

आत्ता मैत्रीण विचारतेय, गुरुवारी दुसरी बाग आहे, तुझी जागा धरू का? रोस्टर अजून आलेलं नाही. काय सांगू तिला, सांगा!