एकाच दरीत मुक्काम ठोका
स्वित्झर्लंडच्या सहलीवरच्या एका लेखात युंगफ्राउयोख (डोंगरावरचं उंच रेल्वे स्थानक), टिटलिस शिखर, ल्युसर्न, झुरिक हे सगळं पाच दिवसांत उरकायचं वेळापत्रक दिलंय. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कृपा करून असं करू नका. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर दरीतल्या लाउटरब्रुनेन गावात नाहीतर त्याच्या वरच्या वेंगेन गावात एकच बिऱ्हाड थाटा. वेंगेनला बाहेरच्या गाड्या जात नाहीत, डोंगरातली रेल्वेच तेवढी जाते. पोरांच्या मागे सारखं धावावं लागत नाही.

वेंगेनहून केबल कारने मेनलिशेन डोंगर गाठा आणि क्लाइने शाइडेग खिंडीपर्यंत चालत या. साधारण साडेचार किलोमीटर, बहुतेक उतारच, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं. आमच्या सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून, बाक दिसला की टेकत, आरामात चालल्या. गुरं तेव्हा अजून वरच्या कुरणांतच असतात, गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येतात. माझ्या मते अख्ख्या सहलीत याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

युंगफ्राउयोखचं (3,454 मीटर) महागडं तिकीट काढण्याआधी सकाळी वेबकॅम बघा. वर ढग असतील तर पैसे पाण्यात. अगदी तान्ह्या बाळाला एवढ्या उंचीवर नेऊच नका.

आणखी एक, त्या लेखात राहून गेलेलं: आई किंवा बाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा प्रवास पास) असेल तर 6 ते 15 वयाच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करता येतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लांबवू नका. आणि तारखा ठरवताना गणपती कधी आहेत ते आधी बघा.