कावळ्याविना वड-पिंपळ उगवतच नाही? खुलासा

पितृपक्ष आला की सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, आणि कावळा भाद्रपदात अंडी घालतो म्हणून त्याला घास द्यायचा.

घास जरूर द्या, ती श्रद्धेची बाब आहे. पण दोन्ही दावे चुकीचे आहेत. आपल्याकडे कावळ्यांची वीण मुख्यतः एप्रिल ते जुलै या काळात होते.

बियांचं म्हणाल तर पिकलेलं पिंपळफळ बोटांनी फोडून पाहा. आत राजगिऱ्याएवढं बारीक बी चिकट गरात अडकलेलं असतं. पक्ष्याच्या पोटात हा गर निघतो आणि बी दूर जाऊन पडतं, ही मदत खरीच मोठी आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटासारख्या जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यात पिंपळ उगवतो तो याच वाटेने. मात्र हे काम मैना, बुलबुल, कोकीळ आणि रात्री वटवाघळंही करतात. आणि गर धुऊन ओलसर मातीवर नुसतं भुरभुरलेलं बीसुद्धा रुजतं. खोल पुरू नका, एवढंच. वड तर फांदी लावूनही येतो.

ज्याच्यावाचून खरंच अडतं तो जीव वेगळाच. फळाच्या आत शिरून परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी! वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. ती नसेल तर फळात रुजणारं बीच तयार होत नाही. मेसेजमध्ये तिचं नावही नसतं.