खुलासा : टेक्सासमधील शाळा मंडळांची ‘मतदानाविना’ फेरनिवड

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्रामीण शाळा मंडळांचे, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळांचे, विद्यमान विश्वस्त (सदस्य) मतदान टाळून स्वतःच स्वतःची फेरनिवड करून घेतात आणि वर पगारही उचलतात, असा जो मजकूर सध्या फिरत आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही.

विद्यमान विश्वस्तालाही इतर इच्छुकांप्रमाणेच नव्याने उमेदवारी अर्ज भरावा लागतो. मतदानाच्या ७८ दिवस आधी सायंकाळी पाचपर्यंत तो दाखल झाला नाही, तर पदावर असल्याची कोणतीही सवलत मिळत नाही. निवडणुकीला असलेल्या जागांसाठी प्रतिस्पर्धीच नसेल, आणि ज्याचे नाव मतदाराने मतपत्रिकेवर हाताने लिहायचे असा रीतसर नोंदलेला उमेदवारही नसेल, तर संबंधित निवडणूक अधिकारी तसे प्रमाणित करतो व त्यानंतरच मंडळ निवडणूक रद्द करून त्या उमेदवारांना विजयी घोषित करू शकते. या आदेशाची प्रत, जिथे मतदान झाले असते त्या प्रत्येक केंद्रावर, मतदानाच्या दिवशी लावावी लागते. शाळेच्या दारावरचा तो कागद पाहूनच हा गैरसमज पसरला असावा. आपल्याकडच्या ‘बिनविरोध’ ग्रामपंचायतीसारखा गावकीचा दबाव तिथे कधीच नसतो, असे आमचे म्हणणे नाही. प्रक्रिया मात्र कायद्याने घालून दिलेली आहे.

पगाराचा मुद्दा तर सरळच खोटा आहे, कारण राज्याच्या शिक्षण संहितेनुसार विश्वस्तांना विनामोबदला काम करावे लागते. शिवाय शाळांचा निधी वा साधने कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरण्यास मंडळाला मनाई आहे.