बुलेटिनवाले भाऊ

आमच्या चर्चमध्ये मला नावानं हाक मारणारे मोजकेच. बाकी सगळ्यांसाठी मी 'बुलेटिनवाले भाऊ'. काही वर्षांपूर्वी पंचमंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी काकांनी विचारलं, "कॉम्प्युटर कोणाकोणाला येतं?" मी पहिल्या बाकावरच्या हुशार पोरासारखा हात वर केला. तो अजून खाली आलेला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रविवारी उपासनेला येणाऱ्याच्या हातात दाराशीच एक घडीचा कागद देतात, ते बुलेटिन. त्यात त्या दिवसाचा उपासनाक्रम, गीतांचे नंबर, शास्त्रपाठ, वाढदिवस, आजाऱ्यांची नावं, मागच्या रविवारचं अर्पण आणि आठवड्याच्या सभा. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. पाचवं हवं असेल तर आठ करावी लागतात; दुमडलेला कागद चाराच्या पाढ्यानंच चालतो. आणि आमच्या मंडळीचा मजकूर आजवर एकदाही बरोबर चार पानं भरलेला नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला गेला की सभा बंद, मजकूर सव्वातीन पानं. नाताळ जवळ आला की सव्वाचार.

सव्वातीनचं सोपं असतं. उरलेल्या जागेत मोठ्या टाइपात एखादं वचन टाकायचं. वचनाला कोणी जास्त म्हणत नाही. सव्वाचारचं ते पाव पान मात्र जीव काढतं. टाइप बारीक करावा तर म्हाताऱ्या माणसांची तक्रार. एकदा मी फक्त सूचनांमधल्या मोकळ्या ओळी काढून टाकल्या. चार पानांत बसलं, मी खूश. रविवारी मंडळीनं वाचलं: "पाळकसाहेब पुढचे दोन रविवार बाहेरगावी आहेत. उपकारस्तुतीची विशेष सभा सायंकाळी सहाला." पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू आणि उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार; दोन वेगळ्या सूचना होत्या हो. पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसले, पण त्यांच्या मिसेस पुढचा महिनाभर हसल्या नाहीत.

'मजकूर गुरुवारपर्यंत द्यावा' असं मी दर आठवड्याला ठळक छापतो. ते कोणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मजकूर शनिवारी रात्री नऊला येतो. तोही लिहून नाही. सेक्रेटरी काका व्हॉट्सॲपवर चार मिनिटांचा आवाज पाठवतात. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि काकूंच्या सूचना. त्यातल्या कोणत्या सूचना चर्चच्या आणि कोणत्या काकांसाठी, हे मीच ठरवायचं. एकदा कंटाळून तो आवाज मोबाईललाच ऐकवला आणि म्हटलं, तूच टाइप कर. त्या साली बोंडअळीनं कपाशी गेली होती, म्हणून पाळकसाहेबांनी बायबलातलं हबक्कूक ३:१७-१८ निवडलं होतं. अंजीर फुललं नाही, शेतात पीक आलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं म्हणणारा तो भाग. मोबाईलनं लिहिलं, 'हे बघ कूक ३:१७-१८'. आणि मी ते न वाचता छापलं. पाठ वाचायला उभ्या राहिलेल्या ताई बराच वेळ बायबलात कूक शोधत होत्या.

हबक्कूक निदान आखूड तरी आहे. '१ थेस्सलनीकाकरांस ५:१८' एवढं लिहिलं की दोन कॉलमच्या पानावर ओळ संपली. नाव मावलं नाही तर सॉफ्टवेअर ते तोडत नाही, अख्खंच खाली ढकलतं; मग वर उरलेले दोन शब्द भांडलेल्या नवराबायकोसारखे ओळीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. थेस्सलनीकाकरांना लिहिणाऱ्या पौलाला नुसतं पत्र लिहायचं होतं, कॉलम लावायचे नव्हते, म्हणून त्याचं जमलं.

माझ्या आधी हे काम एक रिटायर हेडमास्तर करायचे, सायक्लोस्टाइलवर. टाइपरायटरची फीत बाजूला सारायची, मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, चुकलं की नेलपॉलिशसारखं लाल औषध लावून फुंकर मारायची आणि वाळल्यावर पुन्हा ठोकायचं. चूक एवढी महाग असल्यामुळे ते चुका करत नसत आणि विशेषणंही वापरत नसत. 'शुक्र. सायं. ६. उपवास प्रार्थना.' झालं! आता प्रत्येकाला नावाआधी 'आदरणीय' लागतं. एका महिन्यात एका आत्याबाईंचा वाढदिवस राहिला. त्या अजून माझा सलाम घेत नाहीत, आणि वाढदिवस दर वर्षी त्याच महिन्यात येतो.

तरी साधं बुलेटिन झेरॉक्सवर निघतं. खरी परीक्षा कापणीच्या सणाची. त्या दिवशी अंक रंगीत हवा, म्हणजे प्रेस आली. सण नोव्हेंबरअखेर, आणि तुळशीचं लग्न लागलं की धुळ्यातल्या प्रेसवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, जिकडेतिकडे लग्नपत्रिका. गल्ली नंबर विचारत मी तिथे पोचलो तर मालक म्हणाले, "भो, तुमचं चार पानांचं काम पत्रिकांच्या मधे बसवून देतो." बसवून देतो हे ते अगदी शब्दशः म्हणाले होते, ते मला नंतर कळलं.

माझा मजकूर युनिकोडमध्ये, त्यांच्याकडे जुना फॉन्ट आणि त्याहून जुनं पेजमेकर सॉफ्टवेअर. मजकूर फिरवला तर 'विश्वास'चा 'वश्िवास' झाला आणि 'प्रार्थना'चा रफार उडून मागच्या अक्षरावर जाऊन बसला. रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक रफार उचलून जागेवर ठेवत होतो. मराठी ख्रिस्ती माणसाचं छपाईशी नातं जुनं आहे म्हणतात. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहून निघालं. निर्णयसागर छापखानावाले जावजी दादाजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झाले. छपाईचे शिशाचे खिळे ओतणारी ती माणसं कुठे, आणि 'वश्िवास' दुरुस्त करता करता डोळे चोळणारा मी कुठे.

मग पहिलं पान पडद्यावर आलं. फुलांची वेलबुट्टी सुंदर, आणि सर्वांत वर, सोनेरी अक्षरांत: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. पत्रिकेचाच साचा वापरला होता. मी घाबरून पाळकसाहेबांना फोन लावला. ते झोपेतून उठले होते. क्षणभर थांबून म्हणाले, "श्री काढा. कृपा राहू द्या."

कृपा ठेवली, कागदाला रंग चढला, मी घरी जाऊन झोपलो.

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर केळीचे घड, भरताची वांगी, ज्वारीची कणसं, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो आणि देवाच्या कामासाठी म्हणून पाच रुपयांचं वांगं पाचशेला जातं. दाराशी अंक वाटले. मंडळी बसली, पहिलं गीत काढायला सगळ्यांनी पान उलटलं, आणि एकदम दीडशे हात एसटीच्या स्टिअरिंगसारखे फिरले. आतली दोन्ही पानं उलटी! आडव्या कागदाच्या दोन्ही बाजू छापताना तो आखूड कडेवर उलटायचा असतो. प्रेसच्या पोरानं लांब कडेवर उलटला होता. गीत म्हणायला अंक फिरवायचा, मुखपृष्ठ बघायला परत फिरवायचा. लहान मुलांना तर उपासना इतकी कधीच आवडली नव्हती.

हे मी गिळलं. तेवढ्यात शेवटच्या पानावर नजर गेली. प्रीतिभोजनाची वेळ, लिलावाची वेळ, आणि अगदी तळाशी, दोन बाहुल्यांच्या चित्राशेजारी, साच्यातून कोणी काढायचंच विसरलेलं:

'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं! – चिंटू, पिंटू, छकुली.'

सेक्रेटरी काकांचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली असतील. तरी काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

उपासना सुटल्यावर मी मागच्या दारानं निघतच होतो, तर दाराशी एका आजींनी धरलं. आजी फागण्याकडच्या, अंक नाकाला लावून शेवटचं पान वाचत होत्या.

"भो, कोना काकानं लगीन शे रे?"

"आजी, लग्न नाही. छपाईत चूक झाली. कापणीचा सण आहे."

आजींनी अंकाची नीट घडी घातली, कनवटीला खोचली, आणि मांडवाकडे बघत विचारलं,

"मंग जेवन तं शे ना?"